आखाजीचं ऊन आणि विकतचं पीठ: भुसावळच्या एका डोहाळजेवणाचं प्रकरण

१ मे २०२५ ला, आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, आमच्या भुसावळच्या घरी धाकट्या नणंदेचं डोहाळजेवण झालं. बायका बेचाळीस धरल्या होत्या, आल्या एकावन्न. जेवणाआधी हातात द्यायला तीन खारे प्रकार केले होते. तिन्ही भाजलेले, तळलेलं एकही नाही, आणि तिन्हींचं पीठ विकतचं. मांडलेल्या १६९ नगांपैकी सात उरले. हे ऐकून ओळखीतल्या तिघी-चौघींनी कृती मागितली. पण नुसती कृती देऊन त्यांचं काम होणार नाही असं मला वाटतं, कारण कृती माझ्याकडेही होतीच आणि तरी पहिला प्रयत्न पूर्ण वाया गेला. म्हणून २० एप्रिलपासूनचे अकरा दिवस जसे गेले तसे लिहिते आहे.

आधी हे खाणं ठरलं कसं ते. आखाजीला आपल्याकडे सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात. झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी होतात, घरात मांडे आणि आमरस असतो. आमच्या घरातल्या तिन्ही मुली, चुलत नणंदा, मावशा, सगळ्या त्या दोन दिवसांत भुसावळात असणार होत्या. शिवाय १ मेची महाराष्ट्र दिनाची सुट्टी. नणंदेला सातवा लागला होता, त्यामुळे वेगळा दिवस धरण्यापेक्षा तेव्हाच डोहाळजेवण करून घ्यावं असं आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ठरवलं. नणंदेचं एवढंच म्हणणं होतं, "वहिनी, भजी-वडे नको. तेलाच्या वासानेच मला मळमळतं. छोटं छोटं काहीतरी कर, एका हातात धरून बसल्या जागी खाता येईल असं."

मलाही ते पटलं. एप्रिलअखेरच्या भुसावळात दीडशे-दोनशे नग तळायला कढईपाशी कोण उभं राहणार? पफची तयार शीट आणायची, चौकोन कापायचे, आत काहीतरी भरायचं आणि ओव्हनमध्ये ढकलायचं. लाटणं नाही, मळणं नाही. घरात २८ लिटरचा ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, आहे. काम सोपं दिसत होतं.

पहिला प्रयोग, रविवार, २० एप्रिल

पफच्या गोठवलेल्या शीट मी जळगावहून आणल्या. दुपारी बाराच्या सुमारास दोन पाकिटं घेतली, कापडी पिशवीत बाकीच्या सामानासोबत ठेवली, मग साड्यांच्या दुकानात गेले. जळगाव-भुसावळ अंतर पंचवीसेक किलोमीटर आहे, पण घरी पोचायला दोन वाजले. पाकिटं फ्रीझरमध्ये टाकली आणि अडीच वाजता वीज गेली, ती चारला आली.

पाकिटावर लिहिलं होतं की वापरण्याआधी अर्धा तास बाहेर ठेवा. मी तसं केलं. अर्ध्या तासाने शीट उचलली तर ती ओल्या फडक्यासारखी हातावर लोंबली. कडेने तूप सुटल्यासारखा चकचकीतपणा आला होता आणि दोन शीट एकमेकींना चिकटल्या होत्या. तरी कशाबशा सोडवल्या, चौकोन कापले, प्रत्येकात चमचाभर वांग्याचं भरीत घातलं, दुमडून त्रिकोण केले, वरून दूध लावलं आणि २०० अंशांवर बावीस मिनिटं भाजले.

ट्रेमध्ये स्निग्धाचं थारोळं झालं होतं. त्रिकोण वरून तांबूस, मधे कडक, खाली ओले. एकही पदर सुटला नव्हता. आईंनी एक तुकडा मोडून पाहिला आणि म्हणाल्या, "हे तं शंकरपाये झाले व माय."

त्यांचं निदान बरोबर होतं. शंकरपाळीत तुपाचं मोहन पिठात मुरवलेलं असतं, म्हणून ती खुसखुशीत होते पण तिला पदर नसतात. चिरोट्यात आपण उलटं करतो. पोळीवर साटा लावतो, त्यावर दुसरी पोळी ठेवतो, आणि तूप पिठात जिरू नये म्हणूनच त्यात तांदळाची पिठी फेसतो. पफचं पीठ याच जातीचं. पीठ आणि लोणी यांचे थर घड्या घालून घालून वाढवलेले असतात. तिहेरी घडी सहा वेळा घातली की लोण्याचे ७२९ थर होतात. ओव्हनच्या कडक आचेत पिठातल्या पाण्याची वाफ होते, ती थरांना वर उचलते, तेवढ्यात लोणी वितळून प्रत्येक थर वेगळा तळल्यासारखा भाजला जातो. सगळी मजा या क्रमात आहे. लोणी ओव्हनमध्ये वितळायला हवं, आधी नाही. दुधाचं लोणी ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान वितळतं. माझ्या ओट्यावर तेव्हा थर्मामीटर ३७ दाखवत होता. म्हणजे मी ती शीट अर्धा तास नुसती बाहेर ठेवली नव्हती, तिचं लोणी वितळवून पिठात मुरवलं होतं. पिशवीतले दोन तास आणि वीज गेलेला दीड तास त्याआधीचे.

पाकिटावरची अर्ध्या तासाची सूचना खोटी नव्हती. ती वीस-बावीस अंशांच्या खोलीसाठी होती. आपल्या उन्हाळ्यात तो अर्धा तास सात-आठ मिनिटांवर आणावा लागतो, आणि त्याहून बरं म्हणजे शीट ओट्यावर आणूच नये. आदल्या रात्री फ्रीझरमधून खालच्या कप्प्यात ठेवावी, सकाळी थेट कापावी.

आणखी एक गोष्ट त्याच दिवशी लक्षात आली. घाम येतो म्हणून मी कुलर ओट्याकडे वळवून ठेवला होता. कुलरची हवा गार असते पण ओली असते. फ्रिजमधून काढलेल्या थंड शीटवर त्या हवेने दंव धरलं आणि पृष्ठभाग चिकट झाला. कुलर बंद केला तर उलट. आपली कोरडी हवा दहा मिनिटांत कापलेल्या कडा सुकवते आणि मग त्या दाबल्या तरी चिकटत नाहीत, भाजताना तोंड उघडतात. यावर उपाय साधा आहे. कुलर पाठीमागे ठेवायचा, कापलेले चौकोन पिळलेल्या पातळ फडक्याखाली झाकायचे आणि कडेला पाण्याचं बोट फिरवूनच बंद करायचे.

भरताचं पाणी

आता खालच्या ओल्या बाजूबद्दल. त्याला ऊन जबाबदार नव्हतं, भरीत होतं.

खानदेशातल्या माणसाला भरीत सांगायला नको. जळगावच्या भरताच्या वांग्यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वर्षी जळगावच्या केळीलाही मिळालं. पण ती मोठी, हिरवट-पांढरी, कमी बियांची वांगी थंडीची. डिसेंबरात शेतावर काट्याकुट्यांवर भाजून, बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, कुटून केलेलं भरीत आणि एप्रिलात बाजारात मिळेल त्या वांग्याचं भरीत यांत पाण्याचाच फरक फार असतो. मी अर्धा किलो भरीत चाळणीत घालून तासभर ठेवून पाहिलं. खाली पाऊण वाटी पाणी जमलं. हे सगळं पाणी त्रिकोणाच्या आत बंद केलं तर खालचा थर भाजला न जाता शिजणारच.

लोक यावर रव्याचा किंवा ब्रेडच्या चुऱ्याचा थर सुचवतात. मी शेव घालून पाहिली. आपली शेवभाजीची जाड तिखट शेव. रश्शात पडल्यावर ती पाणी पिऊनही आकार टिकवते, म्हणूनच ती भाजी होते. चौकोनावर आधी शेवेचा थर, वर भरीत, असं केल्यावर तळ बराच सुधारला. पण "बराच" म्हणजे पुरेसा नाही. भाजून एक तास झाला की पुन्हा मऊ पडायचा. पन्नास बायकांच्या कार्यक्रमात कोणती बशी कधी कोणापर्यंत पोचेल हे आपल्या हातात नसतं, त्यामुळे तासभर टिकत नाही ते चालणार नव्हतं.

आईंनी बटाट्याचं सारण सुचवलं, पण आमच्या गल्लीतली दोन मारवाडी जैन कुटुंबं बोलावलेली होती. त्यांना कांदा, लसूण, बटाटा, आलं काहीच चालत नाही. तिथे कच्ची केळी कामाला आली, आणि ती या सगळ्या प्रकरणातली माझी आवडती गोष्ट आहे. रावेर-यावलच्या पट्ट्यात केळी काय दुर्मीळ नाही. कच्ची केळी सालासकट एका शिट्टीत उकडायची, पूर्ण गार झाल्यावर सोलून किसायची. दोन शिट्ट्या झाल्या तर गोळा चिकट होतो. किसलेलं केळं बटाट्यापेक्षा कोरडं असतं, ते पाणी सोडत नाही आणि त्याला स्वतःचा आग्रही स्वाद नसतो. जिऱ्याची फोडणी, हिरवी मिरची, ओलं खोबरं, आमचूर, कोथिंबीर, मीठ. लिंबू नको, त्याने पुन्हा ओलावा येतो. जैन पाहुण्यांसाठी म्हणून केलेलं हे सारण शेवटी सगळ्यांसाठीच ठेवलं.

ओव्हनचा हिशेब

हा हिशेब मी पहिल्याच दिवशी करायला हवा होता. ठरवलेले नग १८०. ओटीजीच्या ट्रेवर फुलायला जागा सोडून बारा मावतात. पंधरा खेपा. एका खेपेला भाजायला बावीस-पंचवीस मिनिटं, दार उघडल्यावर पडलेली आच परत चढायला पाच. साडेसात तास! आणि ओव्हन चालू असला की ओट्यापाशी पारा आणखी दोन अंश चढतो, म्हणजे पुढच्या खेपेचं पीठ वाट बघता बघता पाघळतं. विकतच्या पिठाने मळण्या-लाटण्याचा वेळ वाचवला होता, पण एवढ्या माणसांना तो वेळ कधी नडणारच नव्हता. अडचण पीठ गार ठेवण्याची आणि भट्टीची होती.

बेकरीतले चाचा

सोमवारी पाव आणायला गेले तेव्हा गल्लीच्या टोकाच्या बेकरीत मी चाचांना सरळ विचारलं की एवढ्या उन्हात तुमच्या खारीला पदर कसे सुटतात. दिवाळीत रवा, मैदा, तूप, साखर घेऊन नानकटाई भाजून आणायला आम्ही वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच जातो, त्यामुळे त्यांनी मला आत बोलावून दाखवलं.

खारीचं पीठ ते पहाटे साडेतीनला लाटायला घेतात आणि उजाडायच्या आत संपवतात. लोण्याऐवजी बेकरीचं मार्जरीन असतं, जे लोण्यापेक्षा उशिरा वितळतं. ओटा फरशीचा, त्यावर रात्री पाणी मारून ठेवलेलं. घड्या ते सहा घालत नाहीत, चारच घालतात, "खारीला तेवढ्या पुरतात." आणि भाजल्यावर खारी उतरत्या आचेवर बराच वेळ वाळवतात, म्हणून ती डब्यात महिनाभर राहते.

मी विचारलं, मला लाटलेलं कच्चं पीठ द्याल का? ते म्हणाले, "पहाटे पाचला या, वजनावर देतो. आणि सातनंतर भट्टी रिकामी असते, ट्रे घेऊन आलात तर भाजूनही देईन." विकतचं पीठ म्हटल्यावर माझ्या डोक्यात फक्त जळगावचं ते चकचकीत पाकीट होतं. घरापासून दोनशे पावलांवर ते रोज पहाटे तयार होत होतं आणि तुलनेत जवळपास निम्म्या भावात.

मार्जरीनबद्दल मला शंका होती, घरात गरोदर बाई असताना. चाचांनी पिंप दाखवलं, त्यावर ट्रान्स फॅटचं प्रमाण छापलेलं होतं. १ जानेवारी २०२२ पासून खाद्यतेल आणि स्निग्ध पदार्थांत ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्क्यांवर आणली आहे, त्या मर्यादेत ते होतं. तरी ते काही पौष्टिक खाणं नाही हे नणंदेला सांगून ठेवलं.

दुसरा प्रयोग, शनिवार, २६ एप्रिल

या वेळी पहाटे पाचला सुरुवात केली. खोलीत ३० अंश होते. स्वयंपाकघराऐवजी उत्तरेकडच्या खोलीत जमिनीवरच बसले, कारण घरात फरशी सगळ्यात गार असते. तीन पिठं शेजारी शेजारी ठेवून तेच केळ्याचं सारण भरलं.

गोठवलेली पफ शीट या वेळी भुसावळातूनच घेतली होती आणि बर्फ घातलेल्या थर्माकोलच्या पेटीत आणली होती. ती चारपट फुलली, चवीलाही सगळ्यात छान, लोण्याची. बेकरीचं पीठ त्यापेक्षा कमी फुललं, पण हातात धरायला ते बरं. चावल्यावर पापुद्रे साडीवर उडत नाहीत, आणि कार्यक्रमात नेसलेल्या पैठण्या बघता ही काही लहान बाब नाही. मात्र गार झाल्यावर मार्जरीन टाळूला चिकटल्यासारखं लागतं, म्हणून ते कोमट असतानाच द्यायला हवं. तिसरं म्हणजे गोठवलेले पदराचे पराठे. जावेने कुठेतरी पाहिलं होतं की ते पफसारखे वापरता येतात. ते खरं आहे, पण पाकीट बघून घ्यावं लागतं. कच्च्या पिठाचा पराठा ओव्हनमध्ये झकास पदर सोडतो. अर्धवट भाजून गोठवलेला असेल तर त्याचं पीठ आधीच आवळलेलं असतं, तो फुलत नाही, नुसता कडक होतो. आम्हाला दुसऱ्या जातीचा मिळाला होता. पिझ्झा बेसचे तुकडेही करून पाहिले, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

त्याच दिवशी टिकाऊपणाही तपासला. सकाळी सातला भाजलेले केळ्याचे त्रिकोण संध्याकाळी पाचला १६० अंशांवर आठ मिनिटं गरम केले, तर ताज्यासारखेच लागले. भरताचे मात्र शेव घालूनही गेले. तेव्हा मी ठरवलं की भरीत पिठात भाजायचंच नाही. पिठाच्या नुसत्या वाट्या भाजून ठेवायच्या, आणि भरीत द्यायच्या वेळी भरायचं.

हा बदल सगळ्यात उपयोगी ठरला, म्हणून वाट्या जरा सविस्तर. दोन इंची गोल कापायचे. त्यातल्या निम्म्यांना मधे बाटलीच्या झाकणाने भोक पाडून कडं करायचं. अख्ख्या गोलाला काट्याने टोचे मारायचे म्हणजे तळ फुगत नाही, वर पाणी लावून कडं बसवायचं. भाजल्यावर कडं उभं राहतं आणि मधे खड्डा तयार होतो. कापताना झाकण सरळ दाबून उचलायचं, फिरवायचं नाही. फिरवलं की थरांच्या कडा एकमेकींत मिटतात आणि वाटी एका बाजूला कलते. माझ्या पहिल्या सहा वाट्या कलल्या होत्या, त्याचं कारण शोधायला मला अर्धा तास लागला.

कडी कापून उरलेलं पीठ पुन्हा मळायचं नाही. मळलं की घातलेल्या सगळ्या घड्या फुकट. तुकडे एकावर एक थप्पी लावून, थंड करून, एकाच दिशेने लाटायचे. त्यातून तिसरा प्रकार निघाला, ठेच्याच्या पिळ्या. हिरवी मिरची, लसूण, भाजलेले शेंगदाणे यांचा कोरडा ठेचा शीटवर पातळ पसरायचा, घडी करून बोटभर पट्ट्या कापायच्या, पिळून ट्रेवर ठेवायच्या. यात सारण नाही, ओलावा नाही, त्यामुळे खालची आच मंद ठेवून पूर्ण वाळवता येतात आणि डब्यात चार दिवस कुरकुरीत राहतात. जैन पाहुण्यांसाठी जिरं-तीळ-मिरपूड. नणंदेला जळजळ होत होती, तिच्याही त्याच.

फ्रिज आणि आखाजी

कागदावर सगळं बसलं होतं. एक गोष्ट राहिली होती, ती आईंनी दाखवून दिली. ३० तारखेला आखाजी. पितरांची घागर पुजायची, खापरावरचे मांडे, पातेलंभर आमरस. त्या दिवशी ओटा मला मिळणार नव्हता आणि फ्रिज तर आमरसाने भरणार होता. गार ठेवायला जागाच नसेल तर वरचं सगळं शिकणं निरुपयोगी.

म्हणून पिळ्या २९ तारखेच्या रात्री घरच्या ओटीजीत सहा खेपांत उरकल्या, सत्तर झाल्या, डबाबंद केल्या. शेजारच्या काकूंच्या फ्रिजचा एक कप्पा मागून घेतला. केळ्याचं सारण ३० तारखेला रात्री नऊला, ओटा मोकळा झाल्यावर केलं आणि गार करून तिथेच ठेवलं. सारण गरम भरलं तर ते आतून पीठ पाघळवतं, त्यामुळे ते फ्रिजमधलं थंडच हवं. शिवाय या उन्हात शिजवलेलं सारण दोन तासांपेक्षा जास्त उघडं ठेवायचं नाही हा नियम मी जावेलाही पाठ करायला लावला होता.

१ मे

पहाटे पाचला चाचांकडून दोन किलो लाटलेलं पीठ घेतलं. साडेपाच ते पावणेसात मी, जाऊ आणि एक चुलत नणंद अशा तिघी उत्तरेकडच्या खोलीत जमिनीवर बसलो. एकीने कापायचं, एकीने भरायचं, एकीने कडा दाबायच्या. भरलेला ट्रे लगेच फ्रिजमध्ये. साठ त्रिकोण आणि पन्नास वाट्या. सव्वासातला ट्रे ओल्या फडक्याने झाकून बेकरीत नेले.

भट्टीला अंश दाखवणारी चकती नसते. चाचांनी आधी एकच त्रिकोण आत सरकवला, तो किती वेळात रंग धरतो ते पाहिलं आणि मग बाकीचे लावले. घरी पंचवीस मिनिटं लागली असती ते तिथे सोळा-सतरा मिनिटांत झालं. ते पाहून मला वाटलं की एक ट्रे आणखी आत ढकलला तर चालेल, आणि चाचा नको म्हणत असताना मी आग्रह केला. मागच्या कोपऱ्यात आच जास्त असते. तिथले अकरा त्रिकोण खालून करपले. आच कुठे कशी असते हे चाळीस वर्षं भट्टीपाशी उभ्या माणसाला कळतं, तिथे आपण बोलू नये. वाट्या मात्र सगळ्या सरळ उभ्या राहिल्या.

संध्याकाळी साडेपाचला बायका यायला लागल्या. ओटीजी १६० अंशांवर ठेवून त्रिकोण डझनाडझनाने गरम करत राहिलो. आता खेप आठ मिनिटांची होती, त्यामुळे एक ओव्हन पुरला. भरीत सकाळीच करून, चाळणीत निथळून, कांद्याची पात आणि शेंगदाण्यांसह फ्रिजमध्ये होतं. ते कढईत परतून गरम केलं. वाटीत आधी चिमूटभर शेव, मग भरीत, वर थोडी शेव. एका वेळी दहाच वाट्या भरायच्या, त्या संपल्या की पुढच्या दहा. भरलेली वाटी वीस मिनिटं छान राहते, त्यानंतर तिचा तळ ओला व्हायला लागतो.

नऊ बायका जास्त आल्या, तेव्हा पिळ्यांनी वेळ निभावली. उंच पेल्यात उभ्या करून ठेवल्या होत्या, येता-जाता कोणीही उचलत होतं. सात नग उरले ते सगळे त्रिकोण, आणि सातही शेवटच्या, गार झालेल्या बशीतले. मार्जरीनबद्दल जे शनिवारी लक्षात आलं होतं तेच पुन्हा दिसलं.

भरताच्या वाट्या पंधरा मिनिटांत संपल्या. गल्लीतल्या एका आजींनी विचारलं की भाकरीऐवजी हे काय, आणि दुसरी वाटी घेतली. नणंदेने ओटीत फळं घेऊन बसल्या बसल्या तिळाच्या पाच पिळ्या खाल्ल्या, आणि तिला मळमळलं नाही.

पुन्हा केलं तर दोन गोष्टी बदलीन. त्रिकोण साठाऐवजी चाळीस आणि वाट्या पन्नासऐवजी ऐंशी. आणि थंडीत केलं तर गोठवलेली लोण्याची शीटच घेईन. डिसेंबरात आपल्या स्वयंपाकघरात पहाटे बारा-पंधरा अंश असतात, तेव्हा ती शीट अर्धा तास ओट्यावर आरामात राहील, आणि भरताला खरी वांगीही असतील. वीस-पंचवीस नग करायचे असतील, फ्रिजवर भरवसा असेल, तर उन्हाळ्यातही पाकीटच सोयीचं. शंभराच्या वर गेलं की पहाटेची बेकरी गाठावी.

दोन किलोतलं पावशेरभर पीठ कातरणांत उरलं होतं. त्याची थप्पी लावून फ्रीझरमध्ये ठेवली होती. ४ मेला सकाळी सहाला, घर गार असताना, ती लाटली, साखर आणि वेलची भुरभुरली, पट्ट्या कापून भाजल्या. बाळंतपणासाठी नणंद इथेच राहिली होती. तिने त्या चहात बुडवून खाल्ल्या आणि उरलेल्या आईंनी फडताळात वरच्या डब्यात ठेवून दिल्या.